नोंदपत्रक क्रमांक एकसष्ट

१२ जानेवारी

ती. आत्यास, सा. नमस्कार.

सोबतच्या खोक्यात एक पेन ड्राइव्ह, साठ कोरी नोंदपत्रकं आणि चार पानांच्या सूचना आहेत. पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे डावीकडच्या खाचेत बसतो. उलटा बसत नाही, तेव्हा जोर लावू नकोस.

फोनवर तू लगेच "हो" म्हणालीस, पण कशाला हो म्हणालीस हे तुला कळलं होतं की नाही अशी मला शंका आहे, म्हणून पुन्हा लिहिते. मी विद्यापीठात माध्यमांचा अभ्यास शिकवते. नऊ वर्षं शिकवते आणि नऊही वर्षं तात्पुरती आहे. माझा विषय, टीव्हीवर न दिसणारं अपंगत्व कसं दाखवतात. म्हणजे चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी नव्हे. कायमचं दुखणं, कमी ऐकू येणं, फेफरं, मनाचे आजार, म्हणजे माणूस समोर बसला तरी कळणार नाही असं. जूनमध्ये कायम जागेची मुलाखत आहे आणि त्याआधी माझा लेख स्वीकारला गेला पाहिजे. त्यासाठी मालिका, जाहिराती आणि गप्पांचे कार्यक्रम अशा साठ चित्रफिती दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, बघून नोंदायच्या आहेत. दोघांचं ऐंशी टक्के जुळलं तर त्याला शास्त्र म्हणतात. नाही जुळलं तर ते माझं वैयक्तिक मत ठरतं आणि ते कुणालाच नको असतं.

पहिली व्यक्ती मी. दुसरी माझी मदतनीस होती, तिला दुसरीकडे नोकरी लागली, तीही कायमची. म्हणून तू. दुसरी व्यक्ती नातेवाईक नसावी असं नियमांत कुठेही नाही, मी दोनदा वाचलं. विभागप्रमुखांना मी "माणसांच्या निरीक्षणाचा चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या एक बाई" एवढंच सांगितलं आहे.

आता नियम. काम संपेपर्यंत आपण फोनवर बोलायचं नाही, जे असेल ते लेखी, म्हणजे नोंद राहते. पाचवा नियम महत्त्वाचा: एकदा भरलेलं पत्रक फाडायचं नाही, बदलायचं नाही, कुणाला पटो न पटो. आणि अकरावा: सगळं झाल्यावर जे मतभेद उरतील, ते दोघांनी समोरासमोर बसून मिटवायचे.

तुझी,
ठकी

२१ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

टाइप केलेलं पत्र बघून मला वाटलं बँकेतून आलंय, म्हणून दोन दिवस उघडलंच नाही. तुझं अक्षर इतकं सुंदर होतं की शाळेत फळ्यावरचा सुविचार तूच लिहायचीस. ते अक्षर कुठे गेलं?

नियम वाचले. पाचवा पटला. अकराव्याबद्दल शंका आहे. मतभेद उरले तर समोरासमोर बसायचं, याचा अर्थ आपलं सगळं जुळलं तर तू येणारच नाहीस, असा होतो का? दोन वर्षं झाली तुला येऊन. प्रत्येक वेळी सुट्टी लागली की तुझी परिषद असते. माझा जिना तीन मजल्यांचा आहे हे मान्य आहे, पण तू तो लहानपणी एका दमात चढून वर घंटा वाजवून पुन्हा खाली पळायचीस, आणि दार उघडायला मला उठावं लागायचं.

काम सुरू केलं आहे. दुकान बंद केल्याला पाच वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदाच सकाळी उठून काही तरी करायचं आहे असं वाटलं. टेबलावरचं शिलाई मशीन बाजूला सरकवून पत्रकं मांडली आहेत. पेन मात्र मी खडूसारखं धरते, तेव्हा खुणा जाड येतील.

जाता जाता, तुझ्या राखाडी कोटाचं काय झालं? मागच्या वर्षी तू कोट आणि चार शर्ट पाठवले होतेस. बटणं वर दिसू देत, पण आतून वेल्क्रो लाव, सकाळी घाई असते, असं लिहिलं होतंस. लावून पाठवलं, पण बरोबर बसलं की नाही ते तू कळवलं नाहीस. गिऱ्हाईक गप्प बसलं की शिंप्याला झोप येत नाही.

तुझी आत्या

५ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. नमस्कार.

कोट छान बसला. आभार मानायचे राहिले, चुकलं. पत्र टाइप करते कारण हा अभ्यासाचा पत्रव्यवहार आहे, त्याच्या प्रती ठेवाव्या लागतात.

तुझी पहिली वीस पत्रकं मिळाली. मी ती माझ्या पत्रकांशी ताडून पाहिली. आपलं एकमत अडतीस टक्के आहे. आमच्या संख्याशास्त्राच्या बाई म्हणाल्या, दोन माणसांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तर याहून बरं आलं असतं.

आत्या, "न दिसणारं अपंगत्व आहे का" या प्रश्नाला तू वीसपैकी सतरा वेळा "आहे" लिहिलं आहेस. मी पाच वेळा. पुढचा प्रश्न, कशावरून कळलं. तिथे पर्याय दिले आहेत: पात्र स्वतः सांगतं, डॉक्टर सांगतो, दुसरं पात्र सांगतं, इतर. "इतर" हा पर्याय मी नुसता शिष्टाचार म्हणून ठेवला होता. तू सतराच्या सतरा वेळा तोच निवडला आहेस.

क्रमांक सातचंच घे. मालिकेतले आजोबा, निवृत्त न्यायाधीश. संपूर्ण भागात ते सुनेला ओरडतात आणि वर्तमानपत्र वाचतात. तू लिहिलंस: "आहे. शर्टाचे कफ उघडे." क्रमांक बारा, साबणाची जाहिरात, बाई हसतात आणि फेस होतो. तू लिहिलंस: "आहे. बाईंनी डावा खांदा शिवून घेतला आहे." हे काय आहे? आणि क्रमांक नऊमध्ये तर नायिका रडत रडत स्वतः सांगते की तिला लहानपणापासून ऐकू येत नाही, डॉक्टरही सांगतो, सासूही सांगते, मागे व्हायोलिन वाजतं. तिथे तू "नाही" लिहिलंस. मला समजावून सांग, माझी रात्रीची झोप जाते आहे असं नाही, पण जूनला फक्त चार महिने आहेत.

तुझी,
ठकी

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

अडतीस म्हणजे नापास. शाळेतही गणितात मला अडतीसच मिळाले होते आणि तेव्हा ते पास होतं. असो.

एक एक सांगते. न्यायाधीश आजोबा म्हणजे इस्त्रीचा माणूस. कॉलर ताठ, भांग सरळ, बूट चकचकीत. असा माणूस कफ उघडे ठेवत नाही. कफाचं बटण एकाच हाताने लावावं लागतं, दुसरा हात त्या बाहीत अडकलेला असतो. बोटांना थरथर सुटली किंवा ती वळेनाशी झाली की सगळ्यात आधी कफ सुटतो, मग गळ्याचं बटण, मग माणूस म्हणतो हल्ली मला मोकळं बरं वाटतं. माझ्याकडे असे बाराजण यायचे. त्यातला एकही "बोटं वळत नाहीत" म्हणाला नाही. सगळ्यांनाच मोकळं बरं वाटत होतं.

साबणाच्या बाईंचा डावा खांदा उजव्याहून जाड आहे, आत गादी आहे. खांदा उतरलेला असला की अशी गादी घालतात. मी शेकड्याने घातल्या आहेत, मला टीव्हीवरूनही कळतं. आणि रडणाऱ्या नायिकेबद्दल म्हणशील, तर तिच्या मागे कुणी तरी भांडं पाडलं तेव्हा तिचीच मान आधी वळली. मग मी "नाही" लिहिलं. तिला चांगलं ऐकू येतं.

ती काय म्हणाली ते मला माहीत नाही, कारण मी आवाज बंद करून बघते.

आता लगेच रागावू नकोस. तुझ्या सूचनांत "चित्रफीत बघा" असं लिहिलं आहे, ऐका असं कुठेही नाही, मीही दोनदा वाचलं. त्या व्हायोलिनने माझं डोकं उठतं. शिवाय चाळीस वर्षं माझी हीच पद्धत. माणूस माप द्यायला आला की तो जे बोलतो ते कधी धरायचं नाही. कंबर तीस आहे म्हणतो, टेप सदतीस म्हणते. वाद घालायचा नाही, सदतीस लिहायची, वही मिटायची आणि तो छान तीस कंबरेचा दिसेल असं शिवून द्यायचं. माझ्याकडे अशा नऊ वह्या आहेत. त्यातलं एक अक्षर मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझं पत्र मी विभागात बसून वाचलं, ही चूक झाली. "मी आवाज बंद करून बघते" या वाक्याशी माझ्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या खोलीतून विभागप्रमुख बघायला आले. मी त्यांना ठसका लागला असं सांगितलं.

आत्या, अभ्यास पात्राचा आहे, नटाच्या खांद्याचा नाही. कार्यक्रम आपल्याला काय सांगतो तेच नोंदायचं, आपल्याला काय कळतं ते नाही. उरलेल्या चाळीस चित्रफिती कृपा करून आवाज चालू ठेवून बघ. पहिल्या वीसही पुन्हा केल्यास तर माझ्यावर उपकार होतील.

आणखी एक गोष्ट सांगते, पण तिचा नियमांवर काहीही परिणाम होत नाही. काल मी त्या मालिकेचे पुढचे भाग सहज चाळले. दोनशे बाराव्या भागात न्यायाधीश आजोबांच्या हातून पाण्याचा ग्लास पडतो, डॉक्टर येतो आणि सांगतो की यांना पाच वर्षांपासून कंपवात आहे. सगळं घर थक्क होतं. लेखकही थक्क झाला असावा. कपडे सांभाळणाऱ्या माणसाला मात्र आधीपासून माहीत होतं असं दिसतं. मी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

मुलाखतीचं पत्र आलं. तासभर नमुना व्याख्यान द्यायचं आहे, उभं राहून, फळ्यावर लिहून. विभागप्रमुखांचा फळ्यावर फार विश्वास आहे. त्यांच्या मते पडद्यावर चित्रं दाखवणारा शिक्षक कामचुकार. काही अडचण असल्यास कळवावी असा एक रकाना अर्जात असतो, पण तो माझ्यासाठी नाही. मला काही अडचण नाही.

तुझी,
ठकी

१५ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

सोबत उरलेली चाळीस पत्रकं पाठवते आहे. सगळी आवाज चालू ठेवून केली. आवाज चालू केला आणि मला काही दिसेनासंच झालं. पात्र म्हणतं मी आजारी आहे, मी लिहिते "आहे". पात्र म्हणतं मी ठणठणीत आहे, मी लिहिते "नाही". फार सोपं काम आहे. यासाठी विद्यापीठ कशाला लागतं ते कळलं नाही, पण तुझे टक्के वाढतील.

पहिली वीस पत्रकं पुन्हा करणार नाही. नियम पाच. तूच लिहिला आहेस.

आता एक शंका. तू पत्रकं साठ पाठवलीस आणि पेन ड्राइव्हमध्ये चित्रफिती निघाल्या एकसष्ट. कापड जास्त आलं की शिंपी गिऱ्हाइकाला विचारतो, पण तुझा फोनचा नियम असल्यामुळे विचारता आलं नाही. मला वाटलं तू माझी परीक्षा घेते आहेस. म्हणून कापड बेतायच्या तपकिरी कागदावर पट्टीने रेघा मारून एकसष्टावं पत्रक केलं. आवाजाचा नियम साठांपुरताच होता, तेव्हा हे माझ्या पद्धतीने, आवाज बंद ठेवून केलं आहे. पत्रक टपालात गहाळ होऊ नये म्हणून इथेही उतरवते.

चित्रफीत क्रमांक: एकसष्ट. प्रकार: गप्पांचा कार्यक्रम. पात्र: प्राध्यापक बाई, वय पस्तीसच्या पुढे, चष्मा, राखाडी कोट.

न दिसणारं अपंगत्व: आहे.

कशावरून कळलं: इतर. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी उचलते, ओठांपर्यंत नेते, न पिता परत ठेवते. कागदाचं पान बोटांनी उलटत नाही, तळहाताने सरकवते. समोरच्या बाई हसल्या की तीही हसते, पण खुर्चीत सरकून बसताना त्याआधी एक क्षण डोळे मिटते. निघताना हस्तांदोलन करायला लागू नये म्हणून दोन्ही हातांत फाइल धरते. कोटाची बटणं लावलेली दिसतात, पण ती काजांतून गेलेली नाहीत. (हे नोंदणारीला खात्रीने माहीत आहे, कारण ती नोंदणारीनेच शिवली आहेत.)

इतर पात्रांचा प्रतिसाद: कुणाच्याही लक्षात येत नाही.

शेरा: पात्र हुशार आहे. विषय माहीत असावा असं वाटतं.

तुझी आत्या

१९ मार्च

आत्यास,

चाळीस पत्रकं मिळाली. एकमत एक्क्याण्णव टक्के. आभार.

क्रमांक एकसष्ट नमुन्याचा भाग नाही. टीव्हीवरच्या माझ्या मुलाखतीची ती फीत माझ्याकडून चुकून त्या पेन ड्राइव्हमध्ये गेली. त्यावर भरलेलं पत्रक अभ्यासाच्या दृष्टीने निरर्थक आहे. कृपया ते रद्द समजावं.

आपली,
ठकी

२६ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

"आपली" वाचलं. सहावीत मी तुझ्या मैत्रिणीच्या फ्रॉकला जास्त झालर लावली होती, तेव्हा तू मला आठ दिवस "अहो आत्या" म्हणत होतीस. तेव्हापासून मला कळतं.

पत्रक रद्द होत नाही. नियम पाच. पटो न पटो, असं तूच लिहिलं आहेस. मात्र तुझ्याच सूचनांप्रमाणे एका पत्रकाला काही अर्थ नसतो, तीच चित्रफीत दुसऱ्या व्यक्तीनेही स्वतंत्र बघून नोंदावी लागते. म्हणून एकसष्ट क्रमांकाचं कोरं पत्रक सोबत जोडलं आहे. मी काय लिहिलंय ते विसर आणि तुझ्या मनाने भर. आवाज चालू ठेव, बंद ठेव, तुझी मर्जी.

मी वह्या मिटून ठेवणारी बाई आहे. तू कोट पाठवलास त्या दिवशीच मला कळलं होतं, आणि घाई असते म्हणालीस ते मी ऐकून घेतलं, कारण गिऱ्हाइकाला आपण असंच वागवतो. आता वाटतं, तू गिऱ्हाईक नव्हतीस. तेव्हाच विचारायला हवं होतं. वर्षभर मी चूक केली आणि ती मला फार लागली आहे.

तू लिहिणार नसशील तर मी माझं एक पत्रक भरते. पात्र: शिवणकाम करणाऱ्या बाई. दुकान गिऱ्हाइकांना कंटाळून बंद केलं असं सगळ्यांना सांगतात. खरं असं की उजव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाही, आज सात वर्षं. सुई टोचली तरी समजायचं नाही. एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर लाल ठिपके दिसले, ते कशाचे म्हणून मी दहा मिनिटं शोधत होते. शेवटची दोन वर्षं मी फक्त गडद रंगाचं कापड घेत होते. गिऱ्हाइकांना सांगायचे, हल्ली गडद रंगच चालतात. कशावरून कळलं: कळलंच नाही कुणाला. तुझ्या वडिलांनाही नाही.

पेन खडूसारखं धरते म्हणाले होते ना, ते यामुळे.

तुझी आत्या

३० एप्रिल

चि. ठकीस,

महिना झाला, पत्र नाही. मी नियम पाळते आहे, फोन केलेला नाही. दोनदा उचलून ठेवला, तो नियमभंग होत नसावा.

आत्या

११ जून

प्रिय आत्या,

हे पत्र हाताने लिहिते आहे. अक्षर बघून घाबरू नकोस. तीन दिवसांत मिळून लिहिलं आहे, रोज सकाळी दहानंतर, कारण त्याआधी बोटं माझं ऐकत नाहीत.

संधिवात आहे. तीन वर्षं झाली. छत्तिसाव्या वर्षी संधिवात आहे म्हटलं की लोक हसतात आणि तो त्यांच्या आजीला होता म्हणतात, म्हणून मी सांगायचं बंद केलं. पण खरं कारण ते नव्हे. मला भीती वाटायची की विभागात कळलं तर म्हणतील, अच्छा, म्हणून हा विषय. मग माझा नऊ वर्षांचा अभ्यास, आकडे, तक्ते, सगळं बाजूला राहील आणि मी आपलं दुखणं सांगणारी एक बाई उरेन. मी त्या गप्पांच्या कार्यक्रमात अर्धा तास बोलले की लोकांनी लपवू नये, सांगावं, समाज समजून घेईल. तुझं पत्रक आल्यावर मी ती फीत आवाज बंद करून पाहिली. आत्या, मला इतकी लाज वाटली आणि मग इतकं हसू आलं की मी खुर्चीतून उठू शकले नाही. एरवीही एका दमात उठत नाही, पण या वेळी कारण वेगळं होतं.

तुझ्याकडे आले नाही त्याला परिषदा कारण नव्हत्या. जिना होता. आणि जिना कसाबसा चढलेही असते, पण वर तू दारात उभी राहून बघितलं असतंस.

आता हकीकत. एप्रिलमध्ये अर्जातला तो रकाना भरला. खुर्ची हवी, फळ्याऐवजी पडदा हवा, खाली डॉक्टरांचं प्रमाणपत्र. दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. चष्मा वर करून मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पण तुम्ही तर अगदी ठणठणीत दिसता."

मी म्हणाले, "सर, गेली नऊ वर्षं मी याच वाक्यावर संशोधन करते आहे."

त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि मला विचारलं की ऐकू येण्याचं यंत्र चांगलं कुठलं मिळतं. त्यांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही म्हणे. बैठकीत ते सगळ्यांना आपल्या उजव्या हाताला का बसवतात आणि मी डावीकडून काही मागितलं की उत्तर का देत नाहीत, याचा मी नऊ वर्षं भलताच अर्थ लावत होते. तू एका बैठकीत ओळखलं असतंस.

लेखाचं असं झालं. एकूण एकमत त्र्याहत्तर टक्के भरलं, म्हणजे नापासच. मग मी लेखच बदलला. आवाज बंद असताना एका बाईंना काय दिसलं आणि आवाज चालू केल्यावर त्यांना काय दिसेनासं झालं, यावर लिहिला. संपादकांनी विचारलं की दुसरी निरीक्षक कोण. मी खरं लिहिलं: व्यवसाय शिवणकाम, नातं आत्या. त्यांनी लेख घेतला आणि नियमांत एक नवं कलम घातलं की यापुढे नातेवाईक चालणार नाहीत.

मुलाखत परवा झाली. खुर्चीत बसून तासभर बोलले. जागा मिळाली. दुखणं कायमचं होतंच, आता नोकरीही कायमची झाली.

आणि तू पाठवलेलं एकसष्ट क्रमांकाचं कोरं पत्रक भरून सोबत जोडलं आहे. तुझ्या पत्रकाशी ताडून पाहिलं. पहिले पाचही रकाने तंतोतंत जुळतात. ग्लास, कागद, फाइल, बटणं, सगळं. तू एक क्षण डोळे मिटण्याचं लिहिलंस, मी मोजलं तर ते दोनदा होतं, पण ते चालतं.

एका ठिकाणी मात्र जुळत नाही. "इतर पात्रांचा प्रतिसाद" या रकान्यात तू "कुणाच्याही लक्षात येत नाही" लिहिलं आहेस. हे साफ चूक आहे. एकीच्या लक्षात आलं होतं आणि तिने बटणं जागच्या जागी राहतील असं नीट शिवून दिलं होतं. मी तसं लिहिलं आहे आणि बदलणार नाही, नियम पाच.

म्हणजे मतभेद उरला. अकराव्या नियमाप्रमाणे तो समोरासमोर बसून मिटवावा लागेल. मी शनिवारी येते. वर यायला अर्धा तास लागेल, दारात उभी राहू नकोस.

तुझी,
ठकी

१५ जून

चि. ठके,

अक्षर वाकडं आहे, पण तुझं आहे. तीनदा वाचलं.

माझं पत्रक मी बदलणार नाही. शनिवारी वाद घालू, मी तयारी करते आहे.

दारात उभी राहणार नाही. प्रत्येक मजल्यावर वळणाला एक खुर्ची ठेवली आहे, तीनही दुकानातल्याच, गिऱ्हाइकांना बसायला होत्या त्या. पहिल्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या की या कुणासाठी. आधी मी म्हणणार होते की वर रंगकाम चाललंय. मग म्हटलं, माझ्या भाचीसाठी आहेत, तिचे सांधे दुखतात, आणि माझी बोटं बधिर आहेत म्हणून मला एक एक खुर्ची उतरवायला दोन तास लागले. संध्याकाळी बघते तर पहिल्या मजल्यावरच्या खुर्चीत त्याच बसल्या होत्या, कंबरेला हात लावून. मला बघून म्हणाल्या, सहज टेकले.

उद्या तिथे दुसरी खुर्ची ठेवते.

तुझी आत्या